गावाकडच्या बाबांना ऑनलाइन डॉक्टर दाखवावा का?

प्रश्न थोडक्यात असा: आईबाबा कणकवलीजवळच्या गावात, मुलगी पुण्यात. बाबा ६८ वर्षांचे, बरीच वर्षं मधुमेह आणि बीपी. दर वेळी तालुक्याला जायचं त्यांच्या जिवावर येतं. फोनवर किंवा ॲपवर डॉक्टर दाखवून भागेल का? कुठल्या सेवेवर विश्वास ठेवावा? आणि नेटवर वाचून काही विचारलं की डॉक्टर चिडतात, मग वाचावं की नाही?

मी स्वतः तालुक्याच्या गावात फिजिशियन आहे. माझ्या म्हाताऱ्या पेशंटांपैकी बऱ्याच जणांची मुलं पुण्या-मुंबईला नाहीतर परदेशात असतात, त्यामुळे हा प्रश्न माझ्या ओपीडीत नेहमीचाच.

आधी सरळ उत्तर देतो. ज्या डॉक्टरांनी बाबांना आजवर हात लावून तपासलंय, त्यांच्याशीच मधल्या काळात फोनवर किंवा व्हिडिओवर बोलणं, रिपोर्ट दाखवणं, डोस वरखाली करून घेणं, हे चांगलं चालतं. निर्धास्त करा. पण ॲप उघडून, समोर येईल त्या अनोळखी डॉक्टरला बाबांचा नवा त्रास सांगायचा, तोही टाइप करून, आणि आलेल्या चिठ्ठीवर औषध सुरू करायचं, हे ६८ वर्षांच्या मधुमेही माणसासाठी मला मान्य नाही. तुमच्यासारख्या तरुण माणसाला सर्दी झाली किंवा जांघेत गजकर्ण उठलं तर गोष्ट वेगळी. ऑनलाइन सेवा हाताशी असलेल्या डॉक्टरशी धागा टिकवायला वापरली की फायदा देते. डॉक्टरच टाळायला वापरली की कधीतरी अंगाशी येते.

कारण सांगतो. मधुमेह म्हणजे साखरेचा आकडा, अशी घरोघरी समजूत आहे. आकडा फोनवर सांगता येतो, म्हणून वाटतं सगळंच फोनवर होईल. पण बाबांच्या तळपायाची संवेदना शाबूत आहे का, हे मला नायलॉनचा तंतू टोचूनच कळतं. बोटांच्या बेचक्यात चिखल्या पडल्यात का, पायाची नाडी लागते का, हे त्यांना स्वतःलाही माहीत नसतं, कारण संवेदना गेलेला पाय दुखत नाही. कोकणात पावसाळाभर अनवाणी किंवा रबरी चपलेत चिखलातून फिरणाऱ्या मधुमेही माणसाचा पाय वर्षातून एकदा तरी नीट तपासलाच पाहिजे. तेच डोळ्याच्या पडद्याचं, तेच लघवीतल्या प्रथिनाचं. हे तिन्ही वर्षाकाठी व्हायला हवं, आणि त्यासाठी जावंच लागतं.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. ‘डॉक्टर, कालपासून छातीत जळजळतंय, ॲसिडिटीची गोळी सांगा’ हा फोन मला वारंवार येतो. बहुतेक वेळा ती ॲसिडिटीच असते. पण मधुमेही माणसाचा हार्ट ॲटॅक पुष्कळदा छातीत कळ न येताच येतो. नुसता घाम, मळमळ, गळून गेल्यासारखं वाटणं, पोटाच्या वरच्या भागात जड वाटणं, एवढंच. फोनवरून या दोन्हींत फरक करायला माझ्याकडे काहीच साधन नाही. ईसीजी काढायला दहा मिनिटं लागतात, पण तो काढायला माणूस मशीनपाशी हवा. म्हणून अशा फोनला माझं उत्तर ठरलेलं असतं: गोळी नंतर, आधी ईसीजी. लोक नाराज होतात. होऊ देत.

कायद्यानेही साधारण इथेच रेघ मारली आहे. २०२० पूर्वी फोनवर औषध सांगणं हा आमच्यासाठी धूसर प्रांत होता. रत्नागिरीच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला, पेशंटला न पाहता फोनवरून औषधं द्यायला लावल्याचा मुद्दा त्यात होता, आणि त्यानंतर कित्येक डॉक्टरांनी फोनवर बोलणंच बंद केलं. मग टाळेबंदी आली आणि २५ मार्च २०२० ला केंद्राने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. ती पेशंटनेही माहीत करून घ्यावीत अशी आहेत. त्याच त्रासासाठी मागच्या सहा महिन्यांत प्रत्यक्ष तपासलेलं असेल तरच पुढचं बोलणं ‘फॉलो-अप’ धरलं जातं. तसं नसेल तर ती पहिली भेट, आणि पहिल्या भेटीत नुसत्या फोनवर किंवा मेसेजवर पॅरासिटामॉल, ओआरएस अशी साधी औषधंच लिहिता येतात. व्हिडिओवर पाहिलं तर त्यापुढची ठरावीक सुरक्षित औषधं लिहिता येतात. चालू इलाजात नवं औषध जोडायचं तर फॉलो-अपच लागतो. एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखालची औषधं या मार्गाने लिहायला मुळात बंदी आहे. झोपेच्या काही नेहमीच्या गोळ्या त्यात येतात. त्यामुळे ‘बाबांना झोप येत नाही, तेवढी गोळी व्हॉट्सॲपवर पाठवा’ म्हटल्यावर डॉक्टर नाही म्हणाले तर तो आखडूपणा समजू नका.

याच तत्त्वांत आणखी दोन गोष्टी आहेत. डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर दाखवलाच पाहिजे, आणि पेशंटनेही नाव-वय लपवून सल्ला घ्यायचा नाही. ‘एका मित्राला विचारायचं होतं’ हा प्रकार बाद. नोंदणी भारतातली असली की डॉक्टर देशातल्या कुठल्याही राज्यातल्या पेशंटला बघू शकतो. पण न्यू जर्सीत डॉक्टर असलेला तुमचा मावसभाऊ इथली नोंदणी नसेल तर बाबांना औषध लिहून देऊ शकत नाही. तो रिपोर्ट समजावून सांगेल, काय विचारायचं ते सुचवेल, तेवढं पुष्कळ आहे. प्रत्यक्षात होतं असं की तो तिकडची औषधं तिकडच्या नावांनी सांगतो, बाबा ती इथल्या औषधांच्या जोडीला घेतात, आणि एकाच जातीच्या दोन गोळ्या पोटात जातात.

आता व्हिडिओ कॉल करायचाच आहे तर तो नीट कसा करायचा, यावर जरा सविस्तर लिहितो, कारण बहुतेक कॉल इथेच फुकट जातात.

बीपीचं मशीन दंडाला पट्टा बांधायचं घ्या. मनगटाच्या मशीनचे आकडे हात कुठे धरला यावर बदलतात. बाबांना खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीला लावून पाच मिनिटं गप्प बसवायचं, दंड छातीच्या पातळीला टेबलावर. आधी अर्धा तास चहा नाही, तंबाखू नाही, आणि मोजताना आईशी वाद नाही. एक-एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं, सकाळी आणि संध्याकाळी, असे चार-पाच दिवस. हे सगळे आकडे वहीत लिहायचे, बरे वाटलेले तेवढेच नव्हेत. घरच्या मोजमापात १३५/८५ च्या वर सरासरी राहत असेल तर ते दवाखान्यातल्या १४०/९० च्या तोडीचं समजतात. ‘आज १६० आलं’ असा एकच आकडा रात्री साडेदहाला पाठवला तर मला त्याचं काहीही करता येत नाही, तुमची झोप मात्र जाते.

साखर मोजण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करायचे. हे मी इतकं ठासून का सांगतो? आंबा चिरून किंवा गूळ फोडून त्याच बोटाने थेंब दिला तर मशीन सत्तर-ऐंशीने जास्त दाखवू शकतं, आणि त्या आकड्यावर कुणी डोस वाढवला तर पहाटे साखर खाली जाते. उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची अशी वेळ आकड्यासमोर लिहा. ७० च्या खाली कधी गेली असेल, अंग थरथरलं असेल, घाम फुटला असेल तर ते आधी सांगा. माझ्या दृष्टीने ती बातमी २५० पेक्षा मोठी आहे. एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार बाबा धरतात का हेही सांगा. ग्लिमेपिराइडसारखी गोळी उपाशीपोटी घेतली की साखर घसरते, आणि फोनवर कुणी ‘उपास करता का’ असं विचारत नाही.

औषधांची नावं आठवणीतून सांगू नका. घरातल्या सगळ्या पट्ट्या, चालू आणि बंद केलेल्या, एका चादरीवर मांडून उजेडात फोटो काढा, पट्टीच्या मागचं बारीक अक्षर वाचता येईल असा. त्यात शेजाऱ्याने दिलेलं सांधेदुखीचं चूर्ण, मेडिकलवाल्याने ‘ताकदीसाठी’ दिलेली गोळी, सगळं आलं. चूर्ण म्हणून विकलेल्या पुडीत स्टेरॉइड मिसळलेलं असतं हे आम्ही पाहत आलोय, आणि स्टेरॉइडने साखर आणि बीपी दोन्ही चढतात. मग आम्ही इकडे डोस वाढवत बसतो आणि खरं कारण उशीखाली असतं. दुखण्याच्या गोळ्याही दाखवा. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक रोज घेतलं तर बीपी वाढतं आणि मूत्रपिंडावर ताण येतो, पण लोक त्याला ‘औषध’ धरतच नाहीत.

कॉलच्या वेळी बाबा स्वतः हजर हवेत. हे सांगावं लागतं, हसू नका. पुण्यातली मुलगी माझ्याशी बोलते, बाबा गोठ्यात असतात, आणि ‘धाप लागते का’ या प्रश्नाचं उत्तर मला मुलगी देते. व्हिडिओवर बाबांना खोलीत चार पावलं चालायला लावलं, एका दमात वीसपर्यंत आकडे म्हणायला लावले, घोटा अंगठ्याने दाबून खड्डा पडतो का ते आईला करून दाखवायला सांगितलं, तर त्यातून बरंच कळतं. त्वचेवर काही असेल तर दिवसाच्या उजेडात एक जवळून आणि एक लांबून असे दोन फोटो, शेजारी नाणं ठेवून. चक्कर किंवा झटका येत असेल तर त्या क्षणाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ दहा वाक्यांच्या वर्णनापेक्षा उपयोगी. नातवंडांपैकी कुणाला खोकला-ताप असेल तर पूर्ण एक मिनिट श्वास मोजा, मूल शांत असताना. एक वर्षाच्या आतल्या बाळाचे ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त भरले तर फोन ठेवा आणि दवाखाना गाठा. दोन महिन्यांच्या आतल्या तान्ह्याला ही मर्यादा ६० आहे, पण इतक्या लहान बाळाला मी ताप असला तरी फोनवर पाहत नाही.

आणि फी द्या. आमच्याकडे ‘फक्त रिपोर्ट बघायचाय’ याला फी नसते असा समज आहे. रिपोर्ट बघणं हेच तर काम आहे. मार्गदर्शक तत्त्वांत फी घेण्याची आणि पावती देण्याची सोय आहे. ज्या डॉक्टरने फोनसाठी वेळ ठरवून दिलीय आणि त्याचे पैसे घेतो, तो तुमचा केस पेपर उघडून बोलतो. जो जेवताना एका हाताने उत्तर देतो त्याच्या उत्तराचा भरवसा तेवढाच.

तालुक्याचा डॉक्टर फोनवर येतच नसेल तर गावाजवळच एक सोय आहे, आणि शहरातल्या मुलांना ती बहुधा माहीत नसते. ई-संजीवनी ही केंद्र सरकारची मोफत सेवा, मोहालीच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने बनवलेली. ती दोन प्रकारे चालते. घरी बसून स्वतःच्या फोनवरून ओपीडी, ही एप्रिल २०२० मध्ये सुरू झाली. दुसरी, आणि बाबांसाठी कितीतरी चांगली, म्हणजे गावच्या आरोग्य उपकेंद्रातून. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी असतात, लोक त्यांना सीएचओ म्हणतात. त्या बीपी-साखर मोजतात, पेशंटला समोर बसवून दुसऱ्या टोकाच्या डॉक्टरशी व्हिडिओ जोडतात आणि शिल्लक असलेली औषधं तिथेच देतात. फेब्रुवारी २०२३ पर्यंत या सेवेने दहा कोटी सल्ल्यांचा टप्पा ओलांडला होता. तिचा दोषही सांगतो: दर वेळी दुसऱ्या टोकाला वेगळा डॉक्टर असू शकतो. पण प्रशिक्षित हात आणि डोळे बाबांच्या शेजारी असतात, म्हणून महागड्या ॲपवरच्या एकट्या कॉलपेक्षा मी हिला वरचा नंबर देतो. जुन्या चिठ्ठ्या सोबत पाठवायच्या, एवढंच.

खासगी ॲपबद्दल विचारलंत. नाव घेऊन अमुक चांगलं, तमुक वाईट असं मी सांगणार नाही, कारण एकाच ॲपवर उत्तम डॉक्टर आणि घाईवाले दोन्ही बसलेले असतात. बघायचं ते डॉक्टरकडे. पदवी काय, नोंदणी क्रमांक दिलाय का. तो महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या किंवा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या संकेतस्थळावर टाकून पाहता येतो. तारे आणि अभिप्राय बघून फारसं काही कळत नाही. ‘मागितलेलं औषध लगेच दिलं’ याला लोक पाच तारे देतात आणि ‘अँटिबायोटिक नाकारलं’ याला एक. सर्दी-खोकल्याला दोन मिनिटांच्या चॅटनंतर अँटिबायोटिक लिहून आलं, आणि खाली त्याच ॲपचं ‘औषध घरपोच मागवा’ हे बटण असलं, तर ते बटण दाबू नका. सल्ला विकणारा आणि गोळी विकणारा एकच असला की माझा विश्वास अर्ध्यावर येतो, मग ते ॲप असो की गल्लीतला दवाखाना.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, वाचावं की नाही. वाचा. डॉक्टरही वाचतातच. मूत्रपिंड कमजोर असताना औषधाचा डोस किती, दोन औषधं एकत्र चालतात का, हे मी ओपीडीत पेशंटसमोर फोनवर तपासून घेतो, आणि एखाद्याला त्यात कमीपणा दिसला तर माझी हरकत नाही. विचित्र ईसीजी आला तर शहरातल्या हृदयरोगतज्ज्ञ मित्राला फोटो जातो, पेशंटचं नाव झाकून. त्याचं उत्तर पाच मिनिटांत येतं आणि पेशंटला कुठे पाठवायचं ते ठरतं. डॉक्टरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही कचरा फिरतो, औषध कंपनीच्या रंगीत पत्रकांवर काही जणांचं ज्ञान अजून चालतं, आमच्या धंद्याला हसण्याजोगं पुष्कळ आहे. तेव्हा ‘नेटवर वाचलं’ एवढ्यावर चिडण्याचा अधिकार आम्हाला नाही.

तरी डॉक्टर चिडतात. बहुतेक वेळा ते तुमच्या वाचण्यावर नसतं, बोलण्याच्या क्रमावर असतं. पेशंट त्रास न सांगता निदान सांगतो. ‘मला फायब्रोमायल्जिया आहे’ म्हणाल तर मला आधी ते खोडून काढावं लागतं आणि मग शून्यापासून विचारावं लागतं. ‘तीन महिने अंग दुखतंय, सकाळी उठताना जास्त, मी हे वाचलं आणि मला भीती वाटतेय’ असं सांगा. त्यात मला त्रासही कळतो आणि भीतीही. छापील पानांची चळत आणू नका. एका चिठ्ठीवर तीन प्रश्न लिहून आणा आणि सुरुवातीलाच सांगा की तीन प्रश्न आहेत. दार उघडून बाहेर पडताना ‘जाता जाता, छातीत पण दुखतं’ हे आम्हाला नको असतं.

वाचायचं काय, हा खरा मुद्दा. रोगाचं सर्वसाधारण स्वरूप, औषध कसं घ्यायचं, कुठली लक्षणं धोक्याची, हे सरकारी आणि विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर बहुतांशी बरोबर मिळतं. रीलवर, म्हणजे जे बाबा दुपारी पडल्यापडल्या पाहतात तिथे, उलटं असतं. ‘मधुमेह मुळापासून, आठ दिवसांत, गोळ्या बंद’ हा ठरलेला साचा. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करणं १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याने आधीच बेकायदा आहे, ही गोष्ट बाबांना मुद्दाम सांगा. आमच्या पिढीतल्या वडीलधाऱ्यांवर कायद्याचा दाखला लागू पडतो. हल्ली नामांकित डॉक्टरांचा चेहरा आणि आवाज बनावट करून तेल नि कॅप्सूल विकणारे व्हिडिओ फिरतात. चेहऱ्याकडे बघून ओळखता येईलच असं नाही. ओळखायची जागा वेगळी आहे: शेवटी फोन नंबर आणि सवलत येते. आणि एक खूण लक्षात ठेवा. जो कुणी चालू गोळ्या बंद करा म्हणतो पण स्वतः साखर मोजून बघायला सांगत नाही, त्याला तुमच्या बाबांच्या साखरेशी देणंघेणं नाही. वजन उतरवून काही जणांच्या गोळ्या खरोखर कमी होतात, बंदही होतात. पण ते मोजत मोजत, डॉक्टरच्या देखरेखीखाली होतं.

ऑनलाइन मागवायची ‘फुल बॉडी चेकअप’ पॅकेजं हा माझा आवडता विषय, म्हणजे चिडचिडीचा. प्रयोगशाळेतली ‘नॉर्मल’ची हद्द बहुतेक वेळा अशी आखतात की निरोगी माणसांपैकी ९५ टक्के त्यात बसावेत. म्हणजे धडधाकट माणसालाही प्रत्येक तपासणीत पाच टक्के शक्यता आहे की आकडा ठळक अक्षरात छापला जाईल. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या एकत्र केल्या, तर निदान एक तरी आकडा हद्दीबाहेर जाण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के होते. हे साधं गणित आहे, रोग नव्हे. ऐंशी-नव्वद तपासण्यांच्या पॅकेजात तर सगळं हिरवं येणं हेच नवल. मग तो एक लाल आकडा घेऊन माणूस नेटवर शिरतो आणि रात्री दोनला कॅन्सरपर्यंत पोचतो. पॅकेजात सीए-१२५ किंवा सीईए अशा ‘कॅन्सर मार्कर’ तपासण्या घातलेल्या असतील तर त्या नुसत्या भीती विकतात; लक्षणं नसलेल्या माणसात कॅन्सर शोधायला त्या चालत नाहीत, इतर साध्या कारणांनीही वाढतात. बाबांना लागतं ते थोडंच: एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी), मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, लघवीतलं अल्ब्युमिन, कोलेस्टेरॉल, आणि डॉक्टर सांगतील ते. आणखी एक, तुमच्यासाठी. केसांसाठी ऑनलाइन मिळणाऱ्या बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर थायरॉइडची तपासणी करण्याआधी डॉक्टरांना सांगा. काही प्रयोगशाळांच्या पद्धतीत बायोटिनमुळे टीएसएच, म्हणजे थायरॉइडच्या तपासणीतला मुख्य आकडा, खोटाच कमी दिसतो, आणि नसलेल्या थायरॉइडच्या रोगाचा इलाज सुरू होऊ शकतो.

एआय चॅटबॉटला रिपोर्ट दाखवणारे पेशंटही आता रोज भेटतात. इंग्रजी रिपोर्टचा मराठीत अर्थ लावायला, डॉक्टरला विचारायचे प्रश्न काढायला तो चांगला आहे, मी अडवत नाही. पण त्याला तुम्ही जे टाइप कराल तेवढंच माहीत असतं. बाबांची उशीखालची पुडी तुम्ही टाइप केली नाहीत तर त्याच्या जगात ती नाही, आणि उलटतपासणी घ्यायला तो कमी पडतो. २०२० च्या तत्त्वांत स्वच्छ लिहिलंय की अशा यंत्रणेने पेशंटला परस्पर औषध लिहून द्यायचं नाही. डॉक्टरला मदत म्हणून चालेल. रिपोर्ट चढवताना वरचं नाव, फोन नंबर कापून टाका.

औषधं ऑनलाइन मागवण्याबद्दल थोडक्यात. बीपी-साखरेच्या ठरलेल्या गोळ्या परवानाधारक दुकानाकडून घरपोच आल्या तर काही बिघडत नाही, पण ऑनलाइन औषधविक्रीच्या नियमांचा मसुदा २०१८ मध्ये निघूनही प्रकरण बरीच वर्षं लोंबकळत राहिलं, त्यामुळे बिल, बॅच नंबर आणि मुदत तुम्हीच तपासा. चिठ्ठी न मागता शेड्यूल एचची, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई असलेली औषधं देणारा विक्रेता टाळा. ऑगस्ट २०२३ पासून खपाच्या पहिल्या ३०० ब्रँडवर क्यूआर कोड सक्तीचा आहे, तो फोनने वाचता येतो. ‘बदली’ म्हणून दुसरा ब्रँड आला तर आतलं मूळ औषध आणि मिलिग्रॅम तेच आहे का ते मागच्या चिठ्ठीशी ताडून बघा. इन्सुलिन मात्र कणकवलीच्याच मेडिकलमधून, बर्फाच्या पिशवीत. मे महिन्यात कुरिअरच्या गाडीत पडून राहिलेलं इन्सुलिन बाहेरून जसंच्या तसं दिसतं आणि आत निकामी झालेलं असू शकतं.

फसवणुकीचा एक प्रकार बाबांना आधीच सांगून ठेवा. मोठ्या हॉस्पिटलचा नंबर नेटवर शोधला की कधीकधी भामट्यांचा नंबर वर येतो. ‘अपॉइंटमेंटसाठी फक्त दहा रुपये भरा’ म्हणून लिंक येते किंवा ॲप टाकायला लावतात, आणि खातं रिकामं होतं. नंबर जुन्या केस पेपरवरून किंवा हॉस्पिटलच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यायचा. पैसे गेलेच तर त्याच तासात सायबर फसवणुकीच्या १९३० या सरकारी हेल्पलाइनला फोन करायचा. उशीर झाला की रक्कम गोठवता येत नाही.

आभा क्रमांकाचाही घोळ आहे. आभा हा १४ आकडी क्रमांक कागदपत्रं जोडून ठेवण्यासाठी आहे, सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या डिजिटल मिशनचा भाग. उपचारांचा खर्च मिळवून देणारं आयुष्मान कार्ड वेगळं. आभा काढलं म्हणून ऑपरेशन फुकट होत नाही, आणि हे कळेपर्यंत माणूस ॲडमिट झालेला असतो. आभा काढून ठेवायला हरकत नाही. बऱ्याच सरकारी दवाखान्यांत क्यूआर स्कॅन करून केस पेपरच्या रांगेतला वेळ वाचतो आणि तुमच्या संमतीशिवाय रेकॉर्ड कुणाला जात नाही. पण सगळे दवाखाने अजून त्याला जोडलेले नाहीत. म्हणून एक जाड फाइल घरात हवीच, तारखेप्रमाणे लावलेली, आणि तिच्या पहिल्या पानावर चालू औषधं, ॲलर्जी, रक्तगट, तुमचा नंबर. त्या पानाचा फोटो आईच्या फोनमध्ये.

आणि फोन फक्त गाडी बोलवायला वापरायचा अशा वेळा आईला पाठ करून द्या. छातीत, जबड्यात किंवा पोटाच्या वरच्या भागात नवं दुखणं आणि सोबत घाम, अचानक तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, बोलणं बोबडं होणं, बसल्या जागी धाप, बेशुद्धी, साखर खाली जाऊन गूळ-साखर देऊनही न सावरणं. अर्धवट शुद्धीत असलेल्या माणसाच्या तोंडात मात्र काहीही ओतायचं नाही. अशा वेळी मला, तुम्हाला, ॲपला कुणालाच व्हिडिओ कॉल नाही, सरळ १०८. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, त्याआधी सीटी स्कॅन व्हावा लागतो, आणि सीटी स्कॅन कुठल्या गावात चोवीस तास चालू असतो हे तुम्ही आजच फोन करून विचारून ठेवा.